वंदे, पाणी शिळं होत नसतं

वंदे, मिलिंदचा फोन आला तेव्हा मी त्याला विचारलं, "कोण वंदना?"

तो फक्त "ताई, वंदना गेली" एवढंच म्हणाला होता. तुझा सख्खा भाऊ, त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये 'मिलिंद वंदनाचा' अशा नावानं, आणि मी त्यालाच विचारते, कोण वंदना?  मग तो बिचारा म्हणाला, "आपली." मी म्हटलं, असं कसं होईल, बाराला तर बोललो आम्ही. बाराला बोललेलं माणूस चारला मरू शकत नाही, असा काही नियमच असल्यासारखं मी त्याच्याशी वाद घालत होते. डोकं दुखतंय म्हणत तू खुर्चीवरून उठलीस, तुझी माय चहा टाकायला आत गेली आणि ती कप घेऊन बाहेर येईपर्यंत तू फरशीवर होतीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. छत्तीस वर्षांच्या धडधाकट बाईला असं काही होतं हे मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय, पण पटलेलं नाही.

आज पंधरावा दिवस. अजूनही मी काम करताना काही अडलं की तुझा नंबर काढते. एकदा तर रिंगही जाऊ दिली. मिलिंदनं उचलला. मी ठेवून दिला.

बाराला आपण भांडत होतो. गेलेल्या माणसाचं शेवटचं बोलणं सांगताना लोक काहीतरी गोड सांगतात. आपलं शेवटचं बोलणं झालं एका बटनाच्या निळ्या रंगावर. तेही पूर्ण खरं नाही. रंग मी मध्येच काढला, कारण तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. ते उत्तर द्यायला मी हे लिहायला बसलेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लातूरहून नांदेडला पोचले. तुला बघितलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तुला घेऊन गेल्यानंतरची एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी, ती तुझ्या कामाची आहे. शेजारच्या काकू पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या आणि पाण्याचा माठ उचलायला लागल्या. घरात मयत झालं की भरलेलं पाणी ओतून द्यायचं, त्यांच्यात तशी रीत. बिचाऱ्या मदतच करत होत्या. माय भिंतीला टेकून बसली होती.  ती तिथूनच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ते. आमच्यात न्हाई पाळत तसलं."

"तसं नव्हं वैनी, मयताच्या घरातलं पाणी..."

"पोरीनं भरलेलं हाय," माय म्हणाली. "काल सकाळी तिनंच भरलंय. ओतू नका."

मग त्याच पाण्याचा चहा झाला. आल्यागेल्या सगळ्यांनी घेतला, त्या काकूंनीही घेतला. माझ्या हातातला कप मात्र तसाच गार झाला. सगळ्यांना वाटलं, जिवाभावाची मैत्रीण आहे, घशाखाली उतरत नसेल. माय तर माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तिचा हात फिरत होता तसतशी मला माझीच शरम वाटत होती.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून सांगू दे. मध्येच तोडू नकोस, तुझी सवय आहे ती.

नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आपण जोडीला आलो ते वर्कशॉपमध्ये, कारण लोखंड घासायला आपल्याबरोबर कुणी मुलगा तयार नव्हता. पुढं तू नांदेडलाच राहून लोकांच्या वेबसाइटी सजवायला लागलीस, मी लग्न करून लातूरला आले आणि घरी बसून कोड लिहायला लागले. दोघींनी मिळून एक ॲप करायचं हे माझे डोहाळे. लोकांना कळलं पाहिजे, आपण पृथ्वीवर किती भार टाकतो. कळलं की ते कमी करतील. बाहेरच्या देशातल्या चार ॲपमधून मी प्रश्न गोळा केले, मराठी केलं, गुण लावले, गुण वाढले की डोलणारं एक हिरवं पानही केलं. तू म्हणालीस, आधी मायवर चालवून बघू.

भोकरला तुमच्या गावाकडच्या घरी ओसरीत बसून तू तिला प्रश्न वाचून दाखवलेस. वर्षातून किती वेळा विमानानं प्रवास करता? माय म्हणाली, "बसले असते तर तुला सांगितलं नसतं का?" कपडे वाळवण्यासाठी मशीन वापरता का? "वाळवायला मशीन? का, उन्हाला काय झालं?" शेवटी मायला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पान डोललं. अभिनंदन, तुम्ही पृथ्वीच्या मैत्रीण आहात. मायनं चष्मा सारखा केला आणि विचारलं, "बरं. मग आता काय करू?"

ॲप तिथंच संपत होतं. तू पोट धरून हसलीस, मग हसायची थांबलीस आणि मला म्हणालीस, "मीने, हे आपण कुणासाठी करून राहिलो?" मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. सहा महिन्यांचं काम होतं माझं.

त्यानंतर तू लातूरला आलीस तो नेमका आमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस होता. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो. त्या सकाळी नळ यायच्या आधी पिंपं, घागरी, बादल्या रिकाम्या करायच्या, विसळायच्या आणि मग ताजं भरायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी, दोघी मोरीत लागलो होतो. तू खांद्यावरची पिशवीही न उतरवता दारात उभी.

"काय करून राहिलीस गं हे?"

"पाणी येणार आहे आत्ता."

"मग हे काय हाय?"

"हे शिळं झालं."

मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. जन्मल्यापासून बघत आलेय. तू पिंपात वाकलीस, वास घेतलास, ओंजळभर तोंडावर मारलंस आणि म्हणालीस, "भाकर शिळी होती. भाजी शिळी होती. पाणी शिळं होत नसतं."

"आठ दिसाचं हाय बाई ते," आत्याबाई म्हणाल्या.

"आन् मावशी, धरणात किती दिसाचं होतं?"

आत्याबाईंनी तुला वरपासून खालपर्यंत बघितलं. "धरणात देवाचं असतंय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कळशी उपडी केली.

तू गल्लीत गेलीस. प्रत्येक घरातून ओतलेलं पाणी गटारातून चाललं होतं, स्वच्छ, तळ दिसेल असं. ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावाचं गटार. तू त्या गटाराकडं बघत उभी राहिलीस आणि गल्ली तुझ्याकडं. परत आलीस ते ठरवूनच आलीस. विमान गेलं, मशीन गेलं, माझं पानसुद्धा गेलं. एकच स्क्रीन, पाण्याच्या दिवशी एकच प्रश्न: आज जुनं पाणी काय केलं? खाली दोन बटनं. 'ठेवलं' आणि 'ओतलं'. त्याखाली बारीक अक्षरात, नवं पाणी प्यायला, जुनं धुण्याभांड्याला. संपलं. 'शिळं' हा शब्द तू स्क्रीनवर येऊ दिला नाहीस. म्हणालीस, "आपणच ल्हिलं की पक्कं झालं."

मी खूप भांडले. गुण नाहीत, बक्षीस नाही, कोण वापरेल? तू म्हणालीस, याच्याहून जास्त सांगितलं तर मी पण ऐकणार न्हाई. एका संस्थेनं आमच्या गल्लीतल्या चाळीस घरांत चार महिने चाचणी करायचं मान्य केलं. जमलं तर पुढं उदगीर, देगलूर. चाळिसातलं पहिलं घर माझं.

आता ऐक.

पहिल्या पाण्याच्या दिवशी मी लॅपटॉपवर एका मीटिंगमध्ये होते. मागं मोरीत धबधब आवाज आला. आत्याबाई पिंप ओतत होत्या. आदल्या दिवशी मी त्यांना सगळं समजावलं होतं, त्या "हाव, हाव" म्हणाल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला आणि मी स्वतः लिहिलेल्या कोडनं मला विचारलं, आज जुनं पाणी काय केलं? मी 'ठेवलं' दाबलं.

का दाबलं ते सांगते. ॲप करणारीच्याच घरात पाणी गटारात गेलं, हे पहिल्याच दिवशी तुला कसं सांगू? वाटलं, पुढच्या वेळी आत्याबाईंना पटवू, तोवर कुणाचं काय बिघडतंय. मिनिटभरात तुझा आवाजी मेसेज आला, "मीने, पैलं बटन तुझ्या घरातून. लई भारी वाटून राहिलं." इतक्या आनंदात असलेल्या माणसाचा आनंद मोडायला मला कधी जमलं नव्हतं, तुझा तर नाहीच. आठ दिवसांनी परत तेच झालं. मग तर बटन दाबायला विचारसुद्धा करावा लागेना.

आणि मग मीच तुझ्याशी भांडायला लागले. चाळीस घरांतून 'ठेवलं', 'ठेवलं' येत होतं आणि माझ्या खिडकीखाली गटार पहिल्यासारखंच वाहत होतं. मी म्हटलं, लोक खोटं बोलतायत, आपण पिंपाचा फोटो मागू. तू म्हणालीस, "मी कुणाच्या मोरीचा फोटो मागणार न्हाई. खोटं बोलू दे. 'ओतलं' दाबायची लाज वाटून राहिली म्हणजे कायतरी हललंय." मी म्हटलं, असल्या भाबडेपणावर चाचणी चालत नसते. किती चढा आवाज होता माझा, आठवतंय ना? सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होते, कारण खोटं कसं दाबतात हे मला घरबसल्या माहीत होतं.

तू गेलीस त्या मंगळवारी बाराला हेच चाललं होतं. मी म्हटलं, फोटो पाहिजे म्हणजे पाहिजे.  मग तू हळू म्हणालीस, "मीने, तुला कायी सांगायचं हाय का?"

"मला? मला काय सांगायचंय? ते 'ठेवलं'चं बटन जरा गडद कर, उन्हात निळा दिसत नाही."

"बरं. करते," तू म्हणालीस आणि फोन ठेवलास.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तुझ्या आठवणीला सगळे जमले तेव्हा, मिलिंदनं तुझा लॅपटॉप माझ्या हातात दिला. संस्थेला चाचणीचा अहवाल हवा होता, तू अर्धा लिहून ठेवला होतास आणि उरलेला पुरा करून माझ्या सहीनं पाठवायचा होता. लातूरला आल्यावर मी तो उघडला. घरांची यादी मोजली तर एकोणचाळीस. परत मोजली. माझं घर त्यात नव्हतं. मला वाटलं, घाईत राहिलं असेल. मी चाळिसावं शोधायला लागले आणि त्याच नावाची फाइल मिळाली: 'चाळिसावं घर'.

उघडली. आपलीच स्क्रीन. तोच प्रश्न. 'ठेवलं'. 'ओतलं'. आणि त्याखाली तिसरं बटन, तितकंच मोठं, तितकंच निळं: 'सासूबाईंनी ओतलं'.

बाजूला, तू स्वतःसाठी लिहून ठेवायचीस तशी एक ओळ होती. 'मीनानं स्वतः सांगितलं की मग दाखवायचं. आधी न्हाई.'

फाइल तीन महिन्यांपूर्वीची होती.

  तीन महिने तुला माहीत होतं. तीन महिने मी दर आठवड्याला तुझ्या तोंडावर खोटं बटन दाबत होते आणि तू त्या खोट्यासाठी बसायला जागा करत होतीस. मग मी तुझे जुने मेसेज काढले. तिसऱ्या आठवड्यापासून तू 'पैलं घर' म्हणणं बंद केलं होतंस. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तशीच उठून आत्याबाईंकडं गेले. त्या तूर निवडत होत्या. विचारलं, वंदनाला तुम्ही काही सांगितलं होतं?

"हाव. तू भाजीला गेलतीस, तिचा फोन आला, म्या उचलला. म्हणली, मावशी, पाणी ठिवता का ओतता? म्या म्हणलं, ओतते की. खोटं कशाला बोलू? मला काय भ्याव हाय का कुणाचं?"

"मग ती काय म्हणाली?"

"लई हसली. मग म्हणली, मीनाला सांगू नका म्या इचारलं म्हणून. न्हाई सांगितलं. आज तू इचारलंस म्हणून सांगून राहिले." मग सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "का गं? काय झालं तुला?"

तू गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले, वंदे. आत्याबाईंच्या मांडीवर, तुरीत. तुझ्यावर चिडूनसुद्धा रडले. एकदा खडसावून विचारायचं होतंस. कॉलेजात तुझ्या जर्नलवर माझं नाव टाकून मी सरांची सही घेतली तेव्हा सगळ्या वर्गासमोर मला बोललीस, मग आताच एवढी शहाणी कशी झालीस? आपल्याजवळ अजून खूप वेळ आहे असं वाटलं तुला?

अहवाल मी पाठवला. त्यात लिहिलं, गटार कमी वाहत नाही, आकडे भरवशाचे नाहीत, आणि पहिला खोटा आकडा माझ्या घरातून गेला आहे. संस्थेचं उत्तर अजून आलेलं नाही. काम काढून घेतलं तर घेतलं. आणि तुझं तिसरं बटन मी ॲपमध्ये टाकलं, एका अक्षराचाही बदल न करता.

परवा पाणी आलं. आत्याबाईंनी पिंप ओतलं. मी तिसरं बटन दाबलं. दुपारपर्यंत गल्लीतून तेच यायला लागलं, घरामागून घर, 'सासूबाईंनी ओतलं', 'सासूबाईंनी ओतलं'. कोपऱ्यावरच्या बाईंनीही दाबलं. त्यांच्या सासूला जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी एवढी हसले की आत्याबाई बघायला आल्या, आणि हसतच मी फोन उचलला तुला सांगायला. मग ठेवला.

फोन ठेवल्यावर मला हसू येईना. कोपऱ्यावरच्या बाईंनी जे केलं तेच मी इतका वेळ केलंय, ह्या लिहिण्यातसुद्धा. सगळं आत्याबाईंवर घातलं. चाचणी चालू असताना पाण्याचे दोन दिवस त्या घरात नव्हत्या, देवणीला लेकीकडं होत्या. घरात मी एकटी होते. त्या दोन्ही दिवशी पाणी कुणी ओतलं?

वंदे, तुझं बटन मला पुरलं असतं. त्याच्यामागं मी आयुष्यभर सुखानं बसले असते आणि तू तेही चालवून घेतलं असतंस. आज दुपारी मी माझ्या घराच्या नोंदी काढल्या. आत्याबाई होत्या त्या दिवसांपुढं तुझं तिसरं उत्तर घातलं. राहिले दोन दिवस. त्यांच्यापुढं लिहिलं, 'ओतलं.' तुला सांगायचं होतं ते एवढंच. त्या दोन्ही वेळा मी ओतलं, मीनानं.